आडव्या उताराची वाट

"पट्टा कसला बांधतेस? तान्हं बाळ आहेस का?" ओनेझीम शेजारच्या सीटवरून लेकीवर खेकसला. जिनेटनं पट्टा बांधलाच आणि बर्फ सपाट करणारं यंत्र सुरू केलं.

ओनेझीमला जगात एकच माणूस पसंत होता आणि तो त्याला रोज दाढी करताना भेटे. बाकी सगळे दीडशहाणे. बर्फातल्या वाटा राखणाऱ्या क्लबचे नवे चालक तर नुसते भित्रे. जुन्यांची रीत वेगळी होती. डोंगराच्या अंगानं जाणाऱ्या आडव्या वाटेवर डोंगराकडचं दार उघडं ठेवायचं. यंत्र दरीकडं घसरलंच, तर उडी! यंदा त्याचे गुडघे गेले, म्हणून क्लबनं यंत्र जिनेटला द्यायचं ठरवलं. पण आज तिचं काम पाहून बापानं होकार दिला तरच. तो द्यायचा नाही, हे ओनेझीम घरूनच ठरवून आला होता.

"पातं डोंगराकडं खुपस. कापलेला बर्फ खालच्या कडेला भर, म्हणजे वाट समतल होईल. केक सजवतेयस का?"

"बाबा, खाली गोठलंय. सावकाश जाऊ द्या."

"तुझ्या आईनंही जन्म सावकाशच काढला."

वळणावर यंत्राचे साखळपट्टे गोठलेल्या थरावर चढले आणि मागची बाजू दरीकडं सरकू लागली.

"वर वळव! वर!" ओनेझीम ओरडला आणि त्यानं आपल्या बाजूच्या, डोंगराकडच्या उघड्या दारातून उडी टाकली.

बर्फात तोंडघशी पडल्यावर त्याला आठवलं, की आत आपली पोर आहे.

पोरीनं यंत्र वर वळवलंच नाही. तोंड सरळ खाली उताराकडं केलं आणि त्याला जाऊ दिलं. आडवं घसरणं थांबलं, साखळपट्ट्यांनी पकड घेतली आणि खालच्या झाडांच्या अलीकडं यंत्र उभं राहिलं. मग फेरा घालून ती वर आली.

"लागलं का हो बाबा?"

ओनेझीम अंगावरचा बर्फ झटकत आत चढून बसला.

क्लबात ओनेझीमचा जुना सोबती फर्नां तव्यावर कुट्टूच्या पिठाची धिरडी घालत होता. "काय ओनेझीम, पोरीनं नाक कापलं ना?"

हातमोजे काढत जिनेट म्हणाली, "यंत्र घसरलं होतं. बाबांनी सांगितलं तसं वळवलं, म्हणून वाचले."

सगळ्यांनी म्हाताऱ्याची पाठ थोपटली. त्यापेक्षा तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"यंत्र तिलाच द्या," तो म्हणाला. फर्नांनं दिलेलं धिरडं निवून गेलं, तरी तो ते हातात धरून उभाच होता.