श्रीपतीची नोटीस

गायरानातल्या एकवीस घरांना ग्रामसेवकानं नोटिसा वाटल्या आणि श्रीपतीचं घर तेवढं वगळलं. आम्हाला वाटलं, सुटला बिचारा. पण तो लावणी अर्ध्यावर टाकून चिखलाच्या पायांनी माझ्या दारात आला.

"भिमाभाऊ, तुमाला मिळाली, रोशनबीला मिळाली. मंग मला का न्हाई?"

"घर पाडायची नोटीस हाय ती, श्रीपती. जेवणाचं आवतण न्हाई."

"ठावं हाय. पर उद्या सरकारनं घरं नावावर करायची म्हणली, तर कागूद मागत्याल. मी काय दाखवू?"

त्याचं खोटं नव्हतं. गावठाणात तिघा भावांत एक खोली. लग्न झाल्यावर श्रीपती आणि येसूबाई ओट्यावर निजायचे. गावात वीतभर जागा नाही, रस्त्याकडची जमीन बंगलेवाल्यांनी उचललेली. म्हणून आम्ही सगळेच या मुरमाड माळावर शिरलो. हौस म्हणून कुणी इथं राहत नाही. कुणी आम्हाला अतिक्रमणवाले म्हटलं की माझं टाळकं फिरतं.

ग्रामसेवक गाडी चालू करत होता, तोवर श्रीपती आडवा उभा राहिला.

"साहेब, मला बी नोटीस द्या."

ग्रामसेवकानं यादी चाळली. "आहे की तुमचं. गुरांचा गोठा. गोठ्याला नोटीस नसते, तो थेट काढायचा."

श्रीपतीनं मागं वळून आपल्या घराकडं बघितलं. दरवर्षी पावसाची झड आत येऊ नये म्हणून तो भिंतींना बाहेरून गवत बांधतो. पाहणीवाल्यानं गाडीतूनच बघून लिहिलं असणार.

मागून येसूबाई आली. "साहेब, आमच्याकडं कोंबडीसुदिक न्हाई. आत या, बघा. चा घ्या."

तो वाकून आत गेला. चूल, मांडणीवरची भांडी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, दोरीवर लेकीचा शाळेचा ड्रेस. चहा अर्धाच प्याला. मग यादीतला गोठा खोडून त्यानं नोटीस लिहिली आणि श्रीपतीची सही घेतली.

श्रीपतीनं ती मला दोनदा वाचायला लावली. राहते घर, सात दिवसांत काढून घ्यावे.

"आता सात दिसांनी काय करणार?" मी चिडूनच विचारलं.

"कालपरेंत गोठ्यात राहत व्हतो, भाऊ," तो म्हणाला. "आता सात दिस का व्हईना, घर हाय."

आणि तो उरलेली लावणी उरकायला खाचरात गेला.