वाऱ्याचा नवस

भादव्यात आमच्या अख्ख्या गावात वारं हवं असलेली मी एकटीच होते. बाकी सगळ्यांना ते पडायला हवं होतं. पश्चिमेला काळेभोर ढग भरून यायचे आणि वारं त्यांना तसंच न बरसता ओढत पुढं न्यायचं. शेवटी माणसांनी महादेवाच्या गाभाऱ्याची मोरी बुजवली, विहिरीतून हंडे आणून पिंड बुडवली. महादेव गुदमरला की पाऊस सोडतो म्हणतात. त्याच शनिवारी मी रुईच्या पानांचा हार घेऊन मारुतीकडं गेले. मारुती वाऱ्याचा पोरगा. म्हटलं, बापाला सांग, एकदा जोरात ये. माझं शीड भरू दे, नारळ फोडीन.

त्याचं असं झालं, की मामाच्या मोबाइलवर मी एक बाई पाहिली. फळीवर उभी, हातात शीड, आणि समुद्रावरून अशी सरसर चाललेली की जणू पाण्याला इस्त्री करतेय. विंडसर्फिंग म्हणतात त्याला. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मला कुठलीच गोष्ट अवघड वाटेनाशी झाली होती. समुद्र नाही तर नाही, तलाव तर आहे. निम्मा का होईना.

फळी मिळाली दूध संस्थेत. दुष्काळात दूध आटलं, सहकारी संस्थेचं शीतकेंद्र बंद पडलं, आणि त्याच्या थंड खोलीचं दार मागं पडून राहिलं. आत फोम, वर पत्रा, पाण्यावर मस्त तरंगणारं. संस्थेचे सचिव म्हणजे माझे अण्णाच. ते म्हणाले, "ने, पण बुडू नको." शिरूरच्या पंक्चरवाल्या रहमतुल्लाचाचांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा लावून त्या दारावर शिडाचा बांबू असा बसवून दिला की तो चहूकडं वाकेल, पण निघणार नाही. "बेटी, ये दरवाजा किधर का है," ते म्हणाले, "खोलके किधर जानेवाली?"

शीड केसरचं. केसर माझी मैत्रीण, दहावीला माझ्याच बाकावर. तिचे आईवडील, छबुमावशी आणि बिभीषणकाका, दरवर्षी दसऱ्यानंतर ऊस तोडायला सहकारी कारखान्यावर जातात. तिथं राहायच्या कोपीवर टाकायची निळी ताडपत्री त्यांच्या माळ्यावर होती. यंदा दोन चांगले पाऊस झाले तर रानात ज्वारी पेरायची, सगळ्यांनी गावातच राहायचं आणि केसरनं परीक्षा द्यायची, असं त्यांच्या घरात ठरलं होतं. नाही झाले तर कोयता, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला केसरसुद्धा.

"यंदा लागायची न्हाई ही," ताडपत्री माझ्या डोक्यावर देत ती म्हणाली. "पर गोदे, भोक पडू द्यायचं न्हाई. आईला म्या इचारलं न्हाई."

मी गळ्याची शपथ घेतली.

मग जागा शोधायची. काठीला जुन्या साडीची चिंधी बांधून मी सगळ्या काठानं हिंडले. बांधाकडून उतरावं तर दगड, पाय सोलून निघतात. टेकडीच्या आडोशाला चिंधी हलतच नाही. पलीकडच्या काठाला वारं तोंडावर, ते दार पुन्हा काठालाच आणून घालतं. जागा सापडली ती दक्षिणेला. पाणी मागं हटलं तसा तिथं जुना गाडीरस्ता उघडा पडला होता, तलाव व्हायच्या आधीचा, मुरमाचा, टणक, थेट पाण्यात उतरणारा. ना चिखल, ना काटे, आणि वारं बरोबर बाजूनं. मला तो माझा शोध वाटला. दुष्काळ नसता तर तिथं पुरुषभर पाणी असतं, हे डोक्यात आलंच नाही. आलं असेल तरी मी त्याला बस म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी वारं बेताचंच होतं, तरी निळ्या ताडपत्रीआड पुढचं काही दिसेना, आणि मी पाण्यातल्या बाभळीच्या खुंटावर जाऊन आदळले. मोबाइलमधल्या बाईच्या शिडाला पारदर्शक खिडकी होती. त्या संध्याकाळी मी अण्णांचं ब्लेड घेतलं, ताडपत्रीत चौकोन कापला आणि त्या जागी ब्लँकेट येतं ती जाड प्लॅस्टिकची पिशवी उसवून शिवली. शपथ भोकाची होती, खिडकीची नव्हती. आणि पाऊस तर येणारच होता, कोपी होणारच नव्हती.

हार घातला तो यानंतरच्या शनिवारी. सोमवारी दुपारी आभाळ इतकं भरून आलं की शाळा लवकर सोडली. गाव बाहेर येऊन वर बघत उभं राहिलं. मी आणि केसर गाडीरस्त्याकडं पळालो. शिडाची घडी उलगडताच तिला खिडकी दिसली. तिनं त्यावरून बोट फिरवलं, मग आभाळाकडं बघितलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "आज पडतोय."

मी दारावर उभी राहिले, शीड ओढलं, आणि ते भरलं. असं भरलं की हात खांद्यातून निघतात की काय. मी मागं झुकले, अजून झुकले, आणि वाऱ्यानं मला धरून ठेवलं. खाली पत्र्यावर पाणी टाळ्या वाजवत होतं. मागून केसर काहीतरी ओरडत होती. मला जगात दुसरं काही नको होतं, हे अगदी खरं आहे, आणि तेच आता सांगायला नको वाटतं.

कारण मग मी खिडकीतून बघितलं. तिच्यात ढग होते. माझ्यापेक्षा जोरात पळणारे, पूर्वेला चाललेले. मान वळवली तर पश्चिमेला ऊन पडलं होतं. काठावर बिभीषणकाका टोपी हातात घेऊन वर बघत होते. एवढी मोठी पोरगी पाण्यावर उभी राहून चाललीय, पण त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी शीड सोडून दिलं आणि पाण्यात पडले.

दसरा कोरडाच गेला. ताडपत्री परत द्यायला गेले तेव्हा छबुमावशीला मी खिडकीचं सगळं सांगितलं. तिनं खिडकी उजेडाला धरली.

"हे चांगलं केलंस गं. चेअरमनच्या बंगल्यागत झाली आमची कोपी."

"पाणी आत आलं तर, मावशी?"

"पानी कुठलं आता," ती म्हणाली आणि भांडी पोत्यात भरायला लागली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

केसर अंगणात दोरखंड गुंडाळत होती. तिला मी मारुतीचं सांगितलं. तिनं हात थांबवला.

"समदं गाव महादेव बुडवतंय, अन् तू वारं मागून आलीस?"

"हं."

"तुझ्या एका हारानं ढग जातेत व्हय? लई मोठी लागून गेलीस." दोरखंडाचे आणखी दोन वेढे झाले. "नारळ फोडलास का?"

"न्हाई."

"कावून?"

"फोडला तर ते वारं त्यानंच दिलं, माझ्यासाठी दिलं, असं कबूल केल्यागत होईल."

"अन् न फोडता ठेवलास तर तो वारं देतच बसंल. चल."

दुकानातून नारळ घेऊन आम्ही गेलो. फोडायला माझा हात उठेना, तर तिनंच घेऊन आपटला. एक भकल देवापुढं ठेवलं, दुसरं भावंडांना वाटेत खायला म्हणून ओढणीत बांधलं. मी हात जोडले, पण या खेपेला काही मागायचं धाडस झालं नाही. केसर मात्र बराच वेळ डोळे मिटून उभी होती.

परतताना मी विचारलं, "काय मागितलंस?"

"तुला कावून सांगू," ती म्हणाली. "तू माघारी येऊन त्याच्या उलट मागशील."