मेलेल्या ड्रायव्हरच्या नावावर

साहेब, त्या पिकअपमध्ये भूत तुम्ही घातलंत, आणि नाव लावलंत मेलेल्या ड्रायव्हरचं.

खाणीच्या वळणावर गाडी खाली गेली, ड्रायव्हर गेला. तुम्ही पत्रा ठोकून, रंग मारून तीच जुनी गाडी पुन्हा कारखान्याच्या आवारात उभी केलीत आणि माझ्या दादाला तिच्यावर बसवलंत. मागे उभ्यानं कामाला येणाऱ्या बायकांत माझी वहिनीही असते. थोड्याच दिवसांत दादानं सांगितलं, "वळणावर गाडी माझं ऐकत नाही." मेकॅनिक आणायचा, तर तुम्ही भूत उतरवणारे बाबा आणलात.

पाळीवरचे सगळे कामगार आवारात जमले. बाबांनी दादाला हुकूम सोडला, "फिरव उजवीकडे." दादानं स्टिअरिंग वीतभर फिरवलं. चाक जागचं हललं नाही.

"पुरे. हात काढ. तो चाक धरून बसलाय," बाबा म्हणाले. "त्याची ड्युटी अजून संपलेली नाही."

गर्दीत त्या ड्रायव्हरची बायको उभी होती. तिच्या आजूबाजूच्या बायका हळूहळू लांब सरकल्या.

बाबांनी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग आहे तिथंच दाबून धरलं, काहीबाही पुटपुटले, पाणी शिंपडलं. "आता फिरव. उजवीकडेच." या वेळी चाक लगेच वळलं, खाली खडी करकरली. भराभर हात जोडले गेले. तुम्ही म्हणालात, "झालं ना समाधान? उद्या गाडी वेळेवर निघेल."

"अहो, आता डावीकडे फिरवा," वहिनी दादाला म्हणाली.

पुन्हा वीतभर फिरवलं तरी चाक ढिम्म.

"उलटं फिरवलं की तो परत येतो, बाई," बाबा म्हणाले.

"मग अवघड आहे, बाबा. खाणीचं वळण डावीकडेच आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. वहिनी मोबाईलचा उजेड घेऊन गाडीखाली शिरली. "अहो, जरा इकडं-तिकडं हलवत राहा."

आम्ही वाकून पाहिलं. स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा हलत होता, पण त्याच्या टोकाचा सांधा झिजून खोबणीत नुसता उड्या मारत होता. टक, टक. तो एका कडेला जाऊन टेकला की मगच चाक वळायचं. दादानं पहिल्यांदा फिरवलं तेव्हाच ती ढिलाई संपली होती. स्टिअरिंग दाबून धरून बाबांनी ती परत येऊ दिली नाही, एवढाच त्यांचा चमत्कार.

वहिनीनं त्या ड्रायव्हरच्या बायकोला हाक मारली, "ये गं, तूही बघ." ती मातीत आडवी झाली. बराच वेळ टकटक ऐकत राहिली. मग म्हणाली, "घरी आल्यावर हेच सांगायचे. गाडी टकटक करते, साहेबांच्या कानावर घातलंय म्हणायचे."

तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "गाडी उद्या निघेल."

वाचणाऱ्यांनो, गाडी ऐकेनाशी झाली तर अंगारा-पाणी नको. बंद गाडीचं स्टिअरिंग एकानं हलवा, दुसऱ्यानं वाकून खाली बघा. जे ढिलं दिसेल ते बदला. डोळे असताना घाबरून ते मिटू नका.

आणि साहेब, चावी वहिनीच्या मुठीत आहे. सांधा बदलल्याशिवाय ती मिळणार नाही. तोवर एका प्रश्नाचं उत्तर द्या. त्या ड्रायव्हरनं तुम्हाला सांगितलं होतं की नाही? मला नका सांगू. त्याच्या बायकोसमोर उभं राहून सांगा.