लाल ठिपक्याखालची मुंगी

मित्रांनो, मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे. मेणकागदावर टोकदार लेखणीने अक्षरे कोरायची, तो कागद माझ्या लोखंडी रुळावर ताणायचा, शाई भरायची आणि दांडा फिरवायचा. कोरलेल्या रेघांतून शाई झिरपून एकसारख्या शेकडो प्रती निघत.

त्या काळी आमच्या वस्तीतल्या माणसांना शहराच्या वाचनालयात बसायला बंदी होती. पुस्तक मागितले, तर मागच्या खिडकीतून नुसता नकार मिळे. चौदा वर्षांच्या एका मुलीने पत्रक लिहिले, 'सोमवारी आपण सगळे आत जाऊन बसू.' अंगाने एवढीशी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. माझा दांडा अडला की जरा वर उचलून फिरवायचा, ही माझी खोड फक्त तिला ठाऊक होती. पत्रकाखाली तिने कोरले, 'मुंगी'.

तिचे काका वस्तीच्या समितीचे अध्यक्ष. ते हसले.

"अगं, मुंगीच्या हाकेला कोण येणार?"

मेणकागदावरच्या चुका बुजवायच्या लाल द्रवाचा ठिपका त्यांनी तिच्या नावावर फासला आणि शेजारी स्वतःचे नाव कोरले. मी हादरले. तरी सहाशे प्रती मुंगीनेच फिरवून काढल्या.

सोमवारी सर्वांत आधी तीच आत जाऊन बसली. पहारेकऱ्याने तिला खुर्चीसकट बाहेर भिरकावले. चौदा वर्षांचे पोर! उजवा हात मोडला, तो कायमचा वाकडा राहिला. महिन्याभरात बंदी उठली. वर्तमानपत्रात छायाचित्र आले, ते काकांचे.

मी अडगळीत गंजत पडले.

परवा त्याच वाचनालयात त्या सोमवारला पन्नास वर्षे झाली म्हणून समारंभ झाला. मला पुसून टेबलावर ठेवले. वर्तमानपत्राच्या घडीत जपलेला तोच मेणकागद माझ्यावर चढवला. तरुण ग्रंथपाल बाईंनी दांडा ओढला. तो अडला.

"भंगार आहे हो हे!"

"अगं, उचल की जरा! गाढवाचं शेपूट ओढतेस का?" मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. वाकड्या हाताने तिने दांडा उचलला, फिरवला. प्रत बाहेर आली. वाळलेल्या लाल द्रवाची खपली केव्हाच गळून गेली होती. काकांच्या नावाशेजारी स्वच्छ उमटले होते, 'मुंगी'.

"आजी, ही मुंगी कोण?" ग्रंथपाल बाईंनी प्रत वाचून विचारले.

"मीच की."

ग्रंथपाल बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि मी तुम्हाला दारात विचारलं, निमंत्रण आहे का म्हणून!"

मित्रांनो, मला तेल घाला, न घाला. पण कुठलाही जुना कागद हाती आला, की त्यावर कुठे लाल ठिपका दिसतो का ते बघा. दिसला, तर नखाने हळूच खरवडून पाहा.