एकाच मापाच्या वीस चकत्या

आतड्याच्या ऑपरेशनबद्दल आणि नंतर पोटावर लावाव्या लागणाऱ्या पिशवीबद्दल इंटरनेटवर पोत्यानं माहिती आहे. त्यातली कोणती पानं रुग्णांना दाखवायची हे ठरवायला मोठ्या डॉक्टरांनी मला बारा पानं आणि सोळा प्रश्नांचा एक तक्ता दिला. लेखक कोण, माहिती कुठून घेतली, धोके सांगितलेत का. प्रत्येकाला पाचपैकी गुण. त्याच वॉर्डात मी बावीस वर्षं नर्स आहे, दुसरं कोण करणार?

आमच्या हॉस्पिटलचं पान मीच लिहिलेलं. त्याला ऐंशीपैकी सत्त्याहत्तर पडले. गुण मीच दिले हे खरं, पण प्रामाणिकपणे दिले. सातवं पान माझ्या धाकट्या जावेचं निघालं.

तिचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं. पिशवी कशी बदलायची ते मी तिला माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून शिकवलं. आता बाईसाहेबांना रोज चाळीस जण प्रश्न विचारतात. कानामागून आली आणि तिखट झाली! पानावर माझं नाव औषधालाही नाही. 'माहिती कुठून घेतली' यापुढे मी भला मोठा भोपळा काढला आणि मला फार बरं वाटलं. एकूण एकतीस.

त्याच आठवड्यात चार नंबरच्या खाटेवर शिंपीकाका होते. आतडं इतकं सुजलेलं की कधी फुटेल नेम नव्हता, आणि गृहस्थ ऑपरेशनच्या कागदावर सही करायला तयार नव्हते. मी माझं पान छापून दिलं. ते दोन दिवस उशीखाली राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून सही केली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"सिस्टर, या बाई बघा. पहिले आठ दिवस आरशासमोर उभ्याच राहिल्या नाहीत म्हणे. तुमचं वाचून वाटलं होतं, यापेक्षा मेलेलं बरं. यांचं वाचून वाटलं, मशीनवर परत बसता येईल."

पान जावेचं होतं. मी तोंडभर हसले आणि आतून नुसती धुमसत राहिले.

दुपारी ते पान पुन्हा काढलं, चूक शोधायलाच. सापडली. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'माप एकदाच घ्या. पुन्हा पुन्हा मोजत बसायला नको.' साफ चूक. ऑपरेशननंतर पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड सुजलेलं असतं आणि पुढचे दीड-दोन महिने ते आक्रसत जातं. म्हणून दर वेळी मोजून पिशवीच्या चिकट चकतीला तेवढंच भोक कापायचं. भोक मोठं राहिलं तर मल कातडीला लागतो आणि कातडी सोलवटते.

जावेला एक फोन पुरला असता. मी केला नाही. पडू दे तोंडावर, म्हटलं.

ऑपरेशन नीट झालं. घरी जाताना काकांनी विचारलं, "माप त्या बाईंनी लिहिलंय तसंच ना?"

"त्यांनाच विचारा," मी म्हणाले. "त्या जास्त हुशार."

सतरा दिवसांनी काका आले ते सदरा पोटापासून लांब धरूनच. पिशवीखाली सगळं लालभडक, ओलं. बसताही येत नव्हतं, मग मशीन कुठलं.

"माझंच चुकलं असणार," ते ओशाळून म्हणाले. "पहिल्याच दिवशी कागदाचा नमुना बेतला आणि वीसच्या वीस चकत्या एकदम कापून ठेवल्या. चाळीस वर्षांत माझं माप कधी चुकलं नाही हो."

आधी मला आनंद झाला. लाज नंतर वाटली. खोटं कशाला सांगू? व्हरांड्यात जाऊन जावेला फोन लावला. "किती जणांची कातडी सोलणार आहेस?" म्हणत चांगली फैलावर घेतली तिला.

ती म्हणाली, "ताई, ते तुमचंच वाक्य आहे. माझ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात म्हणाला होतात, आता माप ठरलं, पुन्हा पुन्हा मोजत बसायला नको. बाकी पानभर माझं रडगाणं आहे. नेमकं असं तेवढंच वाटलं, म्हणून ठळक केलं. आत्ता बदलते."

तिसऱ्या महिन्यात ते बरोबरच होतं. पहिल्या महिन्यात ते चालत नाही, हे तिला कुठून कळणार? मला कळत होतं.

आत येऊन काकांची कातडी धुतली, कोरडी केली, पावडर लावली. नवी चकती हातात घेतली आणि बोलून टाकलं.

"काका, ते चूक आहे हे मला तुम्ही घरी जायच्या आधीपासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ती बाई माझी जाऊ आहे. मला तिचा हेवा वाटतो."

काकांनी आपल्या पोटाकडे बघितलं. मग त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"हेवा जावेचा आणि कातडी माझी," ते म्हणाले. "द्या ती चकती इकडे. माझं मी मोजतो."