मान वळते का?

"मागे बसणारा बर्फाचा ब्लोअर स्वस्तात पडेल, तुमच्या जुन्या ट्रॅक्टरलाच लागेल," दुकानदार म्हणाला. "फक्त बर्फ काढताना उलटं जायचं आणि मागे बघत राहायचं. वळते ना मान?"

अर्विडने मान वळवली. ती खांद्यापर्यंतही पोचली नाही. गेल्या हिवाळ्यातही ती एवढीच वळत होती, पण आरशावर भागतं असं तो सांगत असे. शेजारच्या विल्होच्या दारातली वाट मोकळी करताना आरशात नुसता उडणारा बर्फ दिसत होता. विल्होची बायको लेम्पी नेहमीसारखी अर्विडसाठी कॉफी घेऊन बाहेर आली होती. पात्यांत सापडेपर्यंत ती दिसलीच नाही. तेव्हापासून विल्हो घरात एकटा होता.

आज अर्विडला दुकानात त्यानेच आणलं होतं.

"पुढे बसणारा दाखवा, नव्या ट्रॅक्टरसकट," विल्हो म्हणाला.

"मी आता हे काम करणार नाही रे."

"मग कोण करणार, तुझा बाप? रस्त्यावरची सगळी घरं म्हाताऱ्यांची. उद्या कुणाला ॲम्ब्युलन्स लागली तर दारापर्यंत यायची कशी?"

"तुझ्या दारात नाही जमायचं मला."

"माझ्यापासूनच सुरू कर. कॉफी मात्र घरून पिऊन ये."

अर्विड दांडा धरून नव्या ट्रॅक्टरवर चढला. विल्हो पुढे बसवलेल्या ब्लोअरच्या पात्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"दिसतोय का मी?"

"दिसतोस."

विल्हो तिथून हलला नाही.