पाहुणी नाही

सकाळी साडेदहा वाजता पाच नंबरच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट काचेखालून परत सरकवला. वर एक छापील प्रतिज्ञापत्र ठेवलेले होते.

"सही करा. तीन महिने वाढवून देतो."

"वाचते आधी," शेंडेफळ म्हणाली.

बेचाळिशी उलटली तरी घरात तिला याच नावाने हाक मारत. शेजारी थोरली बहीण उभी होती. शाळेच्या बसची सकाळची फेरी संपवून ती चालकाच्या गणवेशातच आली होती. या देशाची नागरिक ती. धाकटी इथली पर्यटक. निदान शिक्क्याचे म्हणणे तसे होते.

दोन वर्षांपूर्वी, थोरलीकडे राहणाऱ्या आईची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा धाकटी पंधरा दिवसांसाठी आली आणि राहिली. काम तिच्याबरोबरच आले. दूरच्या एका देशातल्या इस्पितळाचे डॉक्टर आपले अहवाल तोंडी सांगून ठेवत, ती ते ऐकून टाइप करी. कुणी पुटपुटे, कुणी खाता खाता बोले. कानांवर हेडफोन चढवून ती आईच्या पलंगाशेजारी बसली की आई तिरप्या ओठांनी विचारी, "आज किती वाचले गं?"

"सगळे. तुझ्यासारखेच हट्टी आहेत."

अशा माणसासाठी व्हिसाच्या अर्जात जागाच नव्हती. नोकरीच्या व्हिसाला इथला मालक लागे, कुटुंबाच्या व्हिसात बहिणीची बहीण बसत नसे. उरले पर्यटन. मग तिच्यासारखे सगळे करतात तेच तिने केले. मुदत संपत आली की बसने सीमेपलीकडे जायचे, दोन रात्री काढायच्या आणि नवा शिक्का घेऊन परतायचे. "काय पाहिलंत आमच्याकडे?" सीमेवर कुणी विचारलेच तर ती तलाव, किल्ला, संग्रहालय घडाघडा म्हणून दाखवी. यातले काहीही तिने पाहिलेले नव्हते. मागच्या खेपेला ती पलीकडे असताना आई न्हाणीघरात पडली. थोरली बसवर होती. आई दुपारपर्यंत फरशीवरच होती.

खरी चूक मात्र तिने स्वतःच्या पायांनी चालत जाऊन केली होती. अर्ध्या वर्षाहून जास्त इथे राहणाऱ्याने इथे कर भरायचा, असे तिच्या वाचनात आले. कुणी विचारले नव्हते, कुणी नोटीस धाडली नव्हती. ती याच इमारतीच्या तळमजल्यावर गेली आणि कर भरून आली. तिथल्या कारकुनाने तिला बसायला खुर्ची दिली. तळमजल्यावरची नोंद तिसऱ्या मजल्यावरच्या या व्हिसा कार्यालयातही दिसते, हे तिला ठाऊक नव्हते.

"कर भरलात म्हणजे कमावलंत," अधिकारी समजावू लागला. तो तसा वाईट माणूस नव्हता. "कमावलंत म्हणजे काम केलंत. पाहुण्याला काम करता येत नाही."

"मग खालच्यांनी पैसे घेतले कशाला?"

"ते त्यांना विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, तुम्ही इथल्याच."

"आमच्या लेखी नाही."

"मग दोघं एकदा भेटा ना, साहेब. मध्ये तीनच तर जिने आहेत."

मागच्या रांगेत कुणीतरी हसले. अधिकाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर बोट ठेवले. केवळ पर्यटनासाठी राहिले. कोणतेही काम केले नाही. कर गैरसमजातून भरला. "मॅडम, मी तुमच्याच सोयीचं सांगतोय. भरलेले पैसेही परत मिळतील."

"कर सही," थोरली तिच्या कानाशी म्हणाली. "एक सही तर आहे."

"आणि तीन महिन्यांनी? पुन्हा बसमध्ये बसू?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हाचं आईने बघितलंय, ताई. फरशीवरून."

थोरलीचा चेहरा उतरला, मग चढला. "मला ऐकवू नकोस. तुला हाकललं तर तिला कूस कोण बदलून देणार? मी बस चालवू की तिला उठवू? तुझा ताठा आईला महागात पडेल, सांगून ठेवते."

"पडेल," धाकटी म्हणाली. "पण मी इथे राहिलेच नाही, हे मी लिहून देणार नाही. रोज अंघोळ घातलीय मी तिला. ते काय पर्यटन होतं?"

तिने पेन घेऊन छापील मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले: मी इथे राहते. इथे बसून काम करते. कर समजून-उमजून भरला आहे. आई आजारी असेपर्यंत राहण्याची परवानगी द्यावी. सही केली, तारीख घातली आणि कागद पासपोर्टसकट काचेखालून आत ढकलला.

अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला. "हे मला मंजूर करता येणार नाही."

"नामंजूर करा. पण लेखी करा. कारणासकट."

"कारण काय लिहू?"

"ते मी कसं सांगू? खिडकी तुमची."

तो दोन्ही घेऊन आत गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात पासपोर्ट नव्हता. प्रकरण वर पाठवले आहे, उत्तर येईपर्यंत देश सोडू नये, असे त्याने सांगितले. "नाहीतरी सोडणार नव्हते," ती म्हणाली. थोरली तिच्याबरोबर जिना उतरली. खाली आल्यावर "बसला उशीर झाला" एवढेच म्हणून निघून गेली.

याला सात आठवडे झाले. वरून उत्तर आलेले नाही. थोरलीने आईचे नाव एका शुश्रूषागृहाच्या प्रतीक्षायादीत घातले आहे, आणि तसे धाकटीला तोंडावर सांगितलेही आहे. काल तळमजल्याकडून पुढच्या वर्षाच्या कराचा आगाऊ हप्ता भरण्याची सूचना आली. आईला भरवून झाल्यावर धाकटीने तो भरला.